उबेची जागा

करडू उभं राहीना. सकाळी न्याहारीच्या वेळेला काजळी शेळी व्याली, आता उन्हं डोक्यावर आली, तरी त्याचे मागचे पाय मातीतच फाकलेले. गौरानं पोटाखाली हात घालून त्याला चार वेळा उभं केलं आणि चारही वेळा ते एका अंगावर कोसळलं. मांड्या म्हणाव्यात तर नुसती कातडी आणि हाड. गौरा घाबरली.

एका करडासाठी गौरा घाबरेल होय! सूर्यमाळच्या त्या पाड्यावर तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. बिबट्यानं अंगणातून बकरी उचलली तेव्हा ही बया कोयता घेऊन ओढ्यापर्यंत त्याच्यामागं धावली होती. पण आज तिनं पहिलं काम काय केलं, तर घराचं दार बाहेरून ओढून घेतलं. आत तिची सून होती, करिष्मा, सातवा महिना लागलेली. तिच्या नजरेला हे करडू पडता कामा नये.

"आये, काय झालंय?" करिष्मानं आतून विचारलं.

"काय नाय. तू पड गप."

जनावरांच्या डॉक्टर प्रतिक्षा मॅडम त्या दिवशी शेळ्यांना लस टोचायला पाड्यावर आल्या होत्या. गौरानं त्यांना हाताला धरूनच आणलं. मॅडमनी करडाच्या मांड्या दाबल्या, पाय ताणून सोडले, तोंडात बोट घालून पाहिलं.

"चोखतंय, पण जोर नाही. गाभण असताना शेळी कुठं होती, मावशी?"

"आमच्यासंगं, भिवंडीकडं. वीटभट्टीवर."

दिवाळी झाली की पाड्यावरची अर्धी घरं कुलपं लावून विटा पाडायला जातात, शेळ्या-कोंबड्याही बरोबर नेतात. मॅडमना ते ठाऊक होतं.

"लई जपली हो तिला," गौरा सांगू लागली. "पौषात काय थंडी पडली व्हती! मी भट्टीच्या भिंतीला लागूनच खोपी घातली. भिंत दिवसरात कोमट. त्या जागेसाठी बाया माझ्यावर तुटून पडल्या, पण मी हटले नाय. काजळीला तितंच बांधली."

"आणि थंडी गेल्यावर?"

गौरा करडाच्या अंगावरची माती झाडू लागली. शिमग्यानंतर बाकीच्यांनी आपापल्या खोप्या उचलून चिंचेखाली नेल्या होत्या. एक भट्टी विझायच्या आत शेजारची पेटायची, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. पण भांडून मिळवलेली जागा सोडायची म्हणजे चार बायांत नाक कापून घ्यायचं. करिष्मा एकदाच म्हणाली होती, "आये, लई उकडतं." त्यावर गौरा केवढ्यानं खेकसली होती!

"तितंच व्हतो," ती कशीबशी म्हणाली.

मॅडमनी करडू मांडीवर घेतलं. "मांसाचे तंतू असतात, दोऱ्यासारखे. ते आईच्या पोटातच तयार होतात. जन्मल्यावर जाड होतात, पण नवे फारसे होत नाहीत. आईला सतत उष्मा लागला की अंग गार करायला तिचं रक्त कातडीकडं वळतं आणि पोटातल्याला कमी पडतं. मग मांसच नीट भरत नाही. याचं तसंच झालंय असं शपथेवर नाही सांगणार, पण मला तरी तसं वाटतंय."

गौरानं बंद दाराकडं पाहिलं. खोपीत त्या भिंतीच्या एका टोकाला काजळी होती आणि दुसऱ्या टोकाला करिष्मा. दोघींचं अंथरूण तिनं आपल्या हातानं घातलं होतं. ‘मॅडम, आणि माणसाचं?’ एवढंच विचारायचं होतं, पण जीभ उचलेना. विचारलं की उत्तर येणार, आणि ते उत्तर तिला नको होतं.

दार करकरलं. करिष्मा उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आधी करडाकडं बघत राहिली, मग सासूच्या तोंडाकडं.

"आये, घाबरू नको," ती म्हणाली. "मी कुठं निजायची तितं? तू घोरायला लागलीस की मी चिंचेखाली जायची. पहाटं परत यायची."

हुश्श! गौराच्या छातीवरचा धोंडा उतरला. देव पावला, सून ऐकणारी नव्हती हे किती बरं झालं! पण दुसऱ्याच क्षणी तिला आठवलं. रोज रात्री दोन-तीनदा उठून ती अंधारात सुनेला चाचपायची, आणि घामानं भिजलेली पाठ दर वेळी तिथंच हाताला लागायची.

"खोटं बोलतेस," गौरा म्हणाली.

करिष्मानं पदर पोटावर ओढून घेतला. "मंग काय बोलू? मला तुझ्याहून जास्त भ्या वाटतंय."

"माझंच चुकलं गं, पोरी." उभ्या आयुष्यात गौरानं हे नवऱ्यालाही म्हटलं नव्हतं.

मॅडम उठल्या. "हे बघा, मी जनावरांची डॉक्टर, माणसाचं मी बोलू शकत नाही. शेळीचं झालं ते हिचंही होईल असं धरून बसू नका. पण पोट तपासून घ्या, आजच. माझी गाडी जव्हारला निघालीय, तिथल्या सरकारी दवाखान्यात सोडते, चला."

जगन, करिष्माचा नवरा, टँकरवर पाण्याला गेला होता. त्याच्यासाठी निरोप आणि काजळीचं करडू, दोन्ही शेजारच्या गोजाबाईकडं सोपवून गौरा सुनेला घेऊन गाडीत बसली.

"सकाळपासून हललंय का गं?"

"ध्यानात नाय, आये."

गौरानं तिच्या पोटावर हात ठेवला आणि सगळा जीव तळव्यात आणला. गाडी वळणामागून वळणं घेत होती. बऱ्याच वेळानं तळव्याखाली काहीतरी टक्कन लागलं.

"कळलं?" करिष्मानं घाईघाईनं विचारलं.

"कळलं."

पण ती लाथ जोराची होती की दुबळी? गौराला स्वतःला तीन पोरं झाली होती, तरी सातव्या महिन्यातलं पोर किती जोरानं लाथ मारतं हे तिला काही केल्या आठवेना. हात तसाच दाबून, श्वास रोखून ती दुसऱ्या लाथेची वाट बघत राहिली.