बाजेवरची सुट्टी

म्हाळसाबाईंच्या घराण्यात बाईमाणसानं रिकाम्या हातानं बसायची चालच नव्हती. घराणं मेंढरांमागं हिंडणारं. भीमाकाठी राहू गावात जमीन घेतली, बोअर पाडला, ऊस लावला आणि पायाला मुळं फुटली, ते सगळं अलीकडचं. म्हाळसाबाईंची उमेदीची वर्षं चालण्यात गेली. दिवाळी सरली की घोड्यावर बिऱ्हाड बांधायचं आणि घाट उतरून कोकण गाठायचं. घोड्याचा दोर काखेत आणि हातात टकळी. पाय वाट तुडवायचे आणि हात लोकर कातायचे. तळ पडला की चूल, पाणी, कोकरं. झाडाखाली टेकायचे ते बाप्ये. बसलेली बाई म्हणजे एक तर बाळंतीण, नाही तर दुखणाईत.

म्हणूनच, नात प्रगतीनं अभ्यासाचं नवं वेळापत्रक आणलं तेव्हा घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कारण त्यात सुट्टी होती, आणि सुट्टी म्हणजे काय हे घरानं आपल्या समजुतीनं ठरवून टाकलं.

प्रगती बारावी सायन्सला. नर्सिंगची सीईटी द्यायची, सरकारी कॉलेजात नंबर लावायचा, एवढं एकच तिच्या डोक्यात. दौंडच्या क्लासातल्या सरांनी सांगितलं होतं, की सलग बसून डोकं आंबवू नका. पाऊण तास मन लावून एकच विषय करा, मग दहा मिनिटं उठा, डोळ्यांना लांबचं दिसू द्या, मोबाईल हातात घेऊ नका. अशा तीन-चार खेपा झाल्या की मोठी सुट्टी. प्रगतीनं मोबाईलवर गजर लावला आणि आतल्या खोलीत पुस्तक उघडलं.

गजर झाला, पोर बाहेर आली. आई करुणा चुलीपाशी होती.

"झाली व्हय सुट्टी? उठलीच हायेस तर कणीक मळ जरा."

पोरीनं मळली. पुढच्या गजराला म्हाळसाबाई म्हणाल्या, "उठलीच हायेस तर शेळ्यांना पाणी दाव." त्याच्या पुढच्याला शेजारच्या रंगुबाई भिंतीवरून डोकावल्या. "घंटी झाली वाटतं तुमच्या पोरीची? उठलीच हाय तर माझ्या फोनमधी रिचार्ज मार म्हणावं."

दोन आठवड्यांत सगळ्या घराला तो गजर पाठ झाला. कामं साठवून ठेवायची सवय लागली. धुणं भिजवून ठेवायचं, दळण पायरीशी ठेवायचं, लसूण ताटात काढून ठेवायचा. गजर वाजला की पोर यायची आणि कामं तिची वाट बघत उभी असायची. बाप हरिबा कुरकुंभच्या कंपनीत होता. तो चार माणसांत कौतुकानं सांगायचा, "आमच्या पोरीचं टाइमटेबल लई भारी. अभ्यास बी व्हतो आन् घरकाम बी."

क्लासची चाचणी झाली आणि मार्क घसरले.

हरिबानं कपाळाला हात लावला. "त्या बिरेकनंच घात केला बघ. दर घटकेला उठती. अभ्यास काय उठूनशान व्हतो?"

"आप्पा, बिरेक मिळालाच न्हाई मला," प्रगती म्हणाली. "तुमच्या कंपनीत चहाची सुट्टी झाली की सायेब म्हणतो का, उठलाच हायेस तर माझ्या बंगल्याचं अंगण लोट?"

"तिथं युनियन हाय."

"मग हितं बी काढते."

म्हाळसाबाईंना तोंडाला पदर लावावा लागला. पण हरिबा हसला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. त्याची थोरली बहीण अंजना न्हावऱ्याला दिलेली होती. तिनं तिथलंच एक स्थळ सुचवलं होतं. घरचा गोठा, दुधाचा धंदा, मुलगा निर्व्यसनी. हरिबानं सांगून टाकलं, की असलेच मार्क पडणार असतील तर परीक्षेची फी भरण्यात राम नाही. येत्या रविवारी पाहुणे येऊ देत.

प्रगती रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ओट्यावरची बाज उचलली आणि अंगणाच्या मधोमध, लिंबाच्या सावलीत नेऊन टाकली. गजर झाला तशी बाहेर आली आणि हात डोक्याखाली घेऊन सरळ उताणी झाली. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसेल अशी.

करुणा म्हणाली, "उठलीच हायेस तर..."

"उठले न्हाई आई. आडवी झालेय."

"अगं, लोक बघत्यात."

"बघू दे. अभ्यास करताना कुणी बघाय येत न्हाई, तवा आत्ता बघू दे."

म्हाळसाबाई उंबऱ्यात तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांना ते बघवेना. पोर काही वाईट करत नव्हती, नुसती पडून लिंबाच्या शेंड्याकडं बघत होती. पण म्हाळसाबाईंच्या अंगावर काटा आला, कुणी अंगणात उघड्यावर न्हावं तसा. गजर वाजला, पोर उठली, तोंडावर पाणी मारलं आणि आत जाऊन वाचायला लागली. पुढच्या गजराला पुन्हा बाजेवर. रंगुबाई भिंतीवरून बघून बघून थकल्या. तीन दिवस घरात ताटं आपटली, पण बाज हलली नाही.

शनिवारी दुपारी अंजना आली. भीमा ओलांडून, नवऱ्याच्या मोटारसायकलवर; तो तिला सोडून कांद्याच्या कामाला पुढं गेला. हरिबा पहिली पाळी करून घरी आलेला, खुर्चीत मोबाईल बघत बसलेला. करुणा गवताला गेलेली. म्हाळसाबाई उंबऱ्यात. आणि प्रगती बाजेवर.

"अगं बया!" अंजना फाटकातच थबकली. "पोरगी आजारी हाय का काय?"

"न्हाई आत्या, ठणठणीत हाय," प्रगती उठून बसली. "या की. बसा."

"मग अशी पाय पसरून का पडलीस?"

"सुट्टी हाय अभ्यासाची. एक धडा झाला, आता डोकं मोकळं करायचं, मग पुढला."

"डोकं कर मोकळं. हातांना काय झालंय? जा, तांब्या आण पाण्याचा. घसा वाळला उन्हानं."

प्रगती जागची हलली नाही. तिनं बाजेची कड दोन्ही हातांनी धरली. "आत्या, गजर होऊ द्या. आत जाताना आधी तुमाला पाणी देते. सुट्टीत मी उठणार न्हाई."

दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायचं? धनगराच्या तळावर वैरी आला तरी आधी तांब्या पुढं करत. हरिबा खुर्ची मागं सारून उठला. "कारटे! आत्याला पाणी न्हाई म्हणतीस? थांब, तुझी सुट्टीच काढतो!"

म्हाळसाबाईंनी सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, अंगण ओलांडलं आणि बाजेपाशी आल्या. हरिबाला वाटलं, आता म्हातारीच पोरीच्या कानशिलात देणार.

"सरक," म्हाळसाबाई म्हणाल्या.

पोर सरकली. म्हाळसाबाई बाजेवर टेकल्या. सुंभ करकरलं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग पदरात घेतले, मग दोन्ही बाजूंना टाकले.

"हरिबा, अंजनाला पाणी आण."

"मी?"

"तू उभाच हायेस की."

हरिबानं मोबाईल खिशात टाकला. मग गेला. आत भांड्यांचा बराच खणखणाट झाला. रोज त्याच घरात जेवायचा, पण फुलपात्रं कुठल्या फळीवर असतात ते त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी दुधाच्या किटलीत पाणी घेऊन आला.

अंजना पाणी प्यायची राहिली. "आये, तू बी? तू हिला सांगायचं सोडून..."

"अंजने, तू झालीस तवा तळ व्हता घाटाखाली. मी दोन दिस बसले. हरिबाच्या येळंला तेबी न्हाई; आख्ख्या जन्मात तेवढीच बसले मी. त्यातबी तुझ्या आजीनं लोकर आणून टाकली पुढ्यात. बसलीच हायेस तर कात म्हणली. म्या कातली. मला कुठं ठावं व्हतं, न्हाई म्हणता येतं म्हणून."

"तवाचं येगळं हुतं."

"आन् आताचं? तुझं येगळं हाय का? कवा बसलीस सांग."

अंजना किटलीतलं पाणी घटाघटा प्याली, तोंड पुसलं आणि भावाकडं वळली. "हे बघ हरिबा, न्हावऱ्याची माणसं असली पोरगी घ्यायची न्हाईत. चार लोकांत अशी पडली तर माझी इज्जत जायची. उद्याचं काय सांगू त्यास्नी?"

तेवढ्यात गजर झाला. प्रगती उठली, आत गेली, लख्ख घासलेल्या तांब्यात पाणी आणून आत्याच्या हातात दिलं, वाकून पाया पडली आणि पुन्हा पुस्तकाकडं गेली. दारात मात्र थांबली.

"आप्पा, मला नंबर लागंल का न्हाई, मला बी ठावं न्हाई. पण मार्क पडले तर माझे पडू द्या. कणकीचे आन् धुण्याचे नकोत."

आतून तिच्या वाचनाचा आवाज यायला लागला. मग हरिबा बहिणीला म्हणाला, "आक्का, सांग त्यास्नी, परीक्षा झाल्यावर बघू."

"परीक्षा झाल्यावर बी न्हाई!" आतून आवाज आला.

"तू वाच गप!" हरिबा ओरडला, पण त्या ओरडण्यात दम नव्हता. त्यानं किटली उचलली आणि आत ठेवायला गेला.

म्हाळसाबाई बसूनच होत्या. सुट्टी संपली होती, पण ती पोरीची. समोर ऊस डोलत होता, त्यापलीकडं बांधावर बगळे उतरत होते. एवढी वर्षं या अंगणात काढली, पण इथून नदीकाठची झाडं दिसतात हे त्यांना माहीत नव्हतं.

करुणा डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली आणि सासूला बाजेवर बघून घाबरली. "आत्याबाई, बरं वाटत न्हाई का?"

"बरं हाय. भारा टाक आन् बस हितं."

"मी? आन् चहा? वन्सं आल्यात की."

"हरिबा टाकंल. बस."

करुणानं भारा उतरवला, पदरानं मान पुसली आणि बाजेच्या अगदी कडेला टेकली. एसटीत दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखी. गोठ्यात शेळ्या ओरडायला लागल्या, तशी ती दचकून उठायला गेली. म्हाळसाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"वरडू दे," त्या म्हणाल्या.