गाडीच्या अंगात आलेलं वारं

फाट्! सायलेन्सरच्या तोंडातून जाळाची जीभ बाहेर आली, परत आत गेली, आणि सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीने हात जोडले. कोणाला? मोटरसायकलीला! रविवारची सकाळ होती. घराघरांत दूध उतू जात होतं, नळ वाहत होते, पण कोणाला फुरसत नव्हती. लखनच्या गाडीच्या अंगात आलं होतं आणि ते उतरवायला उधन्याहून उखा भगत आला होता.

गळ्यात रुद्राक्ष, कानात ब्लूटूथ. पूर्वी हा माणसांच्या अंगातलं उतरवायचा. माणसं दवाखान्यात जायला लागली तसा याने धंदा गाड्यांवर वळवला. गाडीला तोंड नाही, त्यामुळे ती तक्रारही करत नाही.

"पाहा, कशी घुमतेय!" भगताने अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली. गाडी अडखळली, खोकली, थरथरली. त्याने मूठ सोडली. फाट्! "वारं शिरलंय हिच्या अंगात. गॅरेजवाला म्हणेल मॅपिंग चुकलं. अरे, पेट्रोलचं मॅपिंग कॉम्प्युटर करतो. नशिबाचं मॅपिंग कोण करतं?"

"देवी!" गर्दी ओरडली.

"आणि देवीचं कनेक्शन कोणाकडे?"

"भगताकडे!"

रेशनच्या रांगेत घुसणाऱ्याला हटकताना या गल्लीचा आवाज निघत नाही. इथे मात्र कसा एका सुरात निघाला!

भगताने पिशवीतून काळी डबी काढली. "सिद्ध चिप!" ती सीटखाली बसवून तिच्या दोन वायरी त्याने बॅटरीला जोडल्या. डबीवर लाल दिवा लुकलुकू लागला. मग त्याने जरीकाठाची लाल चुनरी काढली, कपाळाला लावली, आणि काहीतरी पुटपुटत गाडीच्या उघड्या एअर फिल्टरवर घट्ट गुंडाळली.

"वारं बांधलं!" त्याने आरोळी ठोकली आणि मूठ पिळली.

गाडीचा आवाज सरळ चढत गेला. अडखळ नाही, खोकला नाही. मूठ सोडली, तर फटाका नाही. बायकांनी पदर पुढे केले. लखनची आई सरलाबाई भगताच्या पायावर पडली. "मना पोऱ्या वाचना, बापा!"

"अजून नाही वाचला, माय," भगत म्हणाला. "वारं बांधलंय, पण सोडणारी अजून इथेच आहे. ती गल्लीत असेपर्यंत चिप टिकणार नाही."

सगळ्यांच्या माना प्रमिलाबाईच्या खोलीकडे वळल्या. खोलीसमोर टेम्पो उभा होता. गॅसची शेगडी, गोधड्या, पत्र्याची पेटी असं तिचं अर्धं सामान त्यात चढलंही होतं. घरमालकाने भांडण नको म्हणून आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "मारे झगडो नथी जोइतो. खाली कर."

आता या बाईचा गुन्हा ऐका. प्रमिलाबाई एकटी राहते. उधन्याच्या मिलमध्ये रातपाळी करते आणि दिवसा झोपते. महिन्याभरापूर्वी लखनने रील बनवायच्या हौसेपायी गाडीचा कंपनीचा सायलेन्सर काढून मोकळ्या नळीचा लावला. एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर बसवला. मग हा शूरवीर दुपारभर तिच्या खिडकीखाली गाडी गरजवत बसला. दोन दिवस तिने सोसलं. तिसऱ्या दिवशी खिडकी उघडून ती ओरडली, "बंद पडो रे तुझं भोंगाडं!"

आणि गाडी बंद पडायला लागली. इच्छापोरला कामावर जाताना ऐन पुलावर, मागून ट्रक येत असताना, ती जागीच थंड झाली. ट्रकवाल्याने ब्रेक लावला म्हणून लखन आज दिसतोय. सरलाबाईने हे ऐकलं आणि प्रमिलाबाईकडे बोट केलं. "तुनं तोंडच काळं शे!" संध्याकाळपर्यंत एक शब्द घरोघर फिरला. डाकीण. हा शब्द आपण खानदेशातून बिऱ्हाडासोबत बांधून सुरतेला आणलाय. शेतं सुटली, बोली सुटत चालली, हा मात्र शाबूत आहे.

तेवढ्यात गर्दीतून धनश्री पुढे आली. आमच्याच गल्लीतली, उधन्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. रविवारचा जादा तास आटोपून आली होती, शाळेची पिशवी खांद्याला तशीच होती.

"टेम्पो थांबवा," ती म्हणाली. "भगतबुवा, एक विचारू? जोर डबीत आहे की चुनरीत?"

"दोन्हींत! पॉवर चिपची, कृपा चुनरीची. चुनरी वणीच्या गडावरची आहे."

"म्हणजे एक काढलं तर?"

"तर वारं सुटेल!"

"बरं. लखन, आधी डबी काढ."

"देवीची परीक्षा घेता?" भगत कडाडला.

"देवीची कशाला घेऊ? ती कुठे चिपा विकते? तुमची घेतेय."

सरलाबाई मध्ये पडली. "धनू, तू शाळामा शिकाड. आठे नको."

"मावशी, पुलावर लखनच्या मागे ट्रक शाळेत आला होता का? त्याचा जीव वाचवायचाय ना? मग गाडीला झालंय काय, ते तरी पाहू द्या."

लखनने आईकडे पाहिलं, भगताकडे पाहिलं आणि डबीच्या वायरी उपटल्या. दिवा विझला. मूठ पिळली. गाडी तशीच सरळ चढली.

गर्दीत खसखस पिकली. "कृपा चालू आहे, कृपा!" भगत घाईने म्हणाला. "चुनरी आहे ना!"

"आता डबी लाव, चुनरी काढ."

डबी लुकलुकू लागली. चुनरी निघाली. मूठ पिळली. गाडी अडखळली, खोकली. फाट्!

"बघितलं?" भगताचा चेहरा उजळला. "चुनरी काढली आणि वारं सुटलं! देवीची सत्ता!"

धनश्रीने पिशवीत हात घातला आणि फडकं काढलं. फळा पुसायचं, खडूने पांढरंफटक झालेलं जाड फडकं. ते तिने बाजूला नेऊन झटकलं आणि फिल्टरवर गुंडाळलं. "हे कुठल्या गडावरचं नाही. सातवी ब मधलं आहे. लखन, पिळ."

गाडी सरळ चढली. फटाका नाही.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "सातवी बच्या फडक्याचा विजय असो!" आणि जी हसाहशी सुटली, तिच्यात भगताचे पुढचे चार मंत्र बुडाले.

पण भगत पक्का होता. "मी इथे उभा आहे म्हणून! माझ्या सान्निध्याने फडकं सिद्ध झालं!"

"मग तुम्ही जरा गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहा," धनश्री म्हणाली. "आम्ही पुन्हा करून बघतो."

तो ऐटीत निघाला. टोकाला पोचला. आणि तिथून त्याने रिक्षा पकडली. सिद्ध चिप मागायलासुद्धा परत आला नाही. ती नंतर फोडली तेव्हा आत एक मिणमिणता दिवा निघाला आणि हाताला जड लागावी म्हणून भरलेला सिमेंटचा गोळा.

"म्हणजे वारं नव्हतंच?" लखनने विचारलं.

"होतं की!" धनश्री म्हणाली, आणि हसणारे थांबले. "वारंच होतं. भगताने एवढं एकच खरं सांगितलं. फक्त ते कुठून आलं, ते खोटं सांगितलं. तुझ्या इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरलेल्या मापात लागतं. कॉम्प्युटरमध्ये कंपनीने एक तक्ता भरलेला असतो, त्यालाच मॅपिंग म्हणतात. मूठ एवढी उघडली की हवा एवढी येणार, म्हणून पेट्रोल एवढं सोडायचं. तू फिल्टर उघडा केलास, सायलेन्सर मोकळा केलास. हवा जास्त यायला लागली. त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरला कोणी सांगितलंच नाही. त्याने पेट्रोल जुन्याच मापाने दिलं. हवा फार, पेट्रोल कमी. म्हणून गाडी अडखळते, कधी बंदच पडते. आत नीट न जळलेलं मग तापलेल्या नळीत पेटतं, तो तुझा फटाका. भगताने कापडाने फिल्टरचं नाक दाबलं, हवा कमी केली, माप तेवढ्यापुरतं जुळलं. तोंडाला चुनरी बांधून श्वास घेऊन बघ, कळेल."

"मग फडकंच ठेवू का?"

"मूर्खा, तापल्या इंजिनाशेजारी कापड? वितळेल, पेटेल, नाहीतर आत ओढलं जाईल. पुन्हा पुलावर, पुन्हा ट्रक. जुने भाग परत लाव. नाहीतर धुराची तपासणी करून तो तक्ता नव्याने भरून देणाऱ्या चांगल्या माणसाकडे जा."

लखन मान खाली घालून म्हणाला, "मेकॅनिक हेच दोन उपाय बोलला होता, ताई. पण तक्ता भरायला गाडी ठेवून जावी लागेल, वेळ लागेल म्हणाला. भगत म्हणाला, लगेच."

लगेच! या एका शब्दावर या देशातले सगळे भगत पोसले गेलेत. गॅरेजवाला म्हणतो, तपासून सांगतो. डॉक्टर म्हणतो, तपासून सांगतो. भगताला तपासायचं काही नसतंच. त्याला फक्त एक बाई लागते. एकटी, गरीब, भांडणाऱ्या तोंडाची. ती सापडली की निदान पुरं झालं.

आणि नीट बघा, प्रमिलाबाईने शिव्या घातल्या म्हणून गाडी बंद पडली नाही. जो सायलेन्सर लावला म्हणून तिने शिव्या घातल्या, त्याच सायलेन्सरने गाडी बंद पाडली. शापाचं आणि बिघाडाचं कारण एकच, आणि ते गल्लीच्या मधोमध दुपारभर बोंबलत होतं. सगळ्यांनी कानांनी ऐकलं. डोक्याने एकानेही ऐकलं नाही.

टेम्पोवाला कंटाळला होता. "भाई, सामान भरना है के उतारना?"

प्रमिलाबाई एवढा वेळ उंबऱ्यावर बसून होती. आता ती उठली, गर्दी आपसूक बाजूला झाली, आणि ती लखनसमोर येऊन उभी राहिली.

"तुझा जुना सायलेन्सर कुठे आहे?"

"खाटेखाली, मावशी."

"आण. माझ्यासमोर लाव. फिल्टरचा डबा पण. मग माझं सामान उतरवा."

लखनने पाना आणला. गल्लीतल्या ज्या हातांनी शेगडी चढवली होती त्याच हातांनी ती उतरवली. सरलाबाईने गोधड्या आत नेऊन ठेवल्या. माफी एकानेही मागितली नाही. माणूस हाकलायला आमच्याकडे आवाज असतो. माफीच्या वेळी घसा बसतो.

म्हणून आता मोठ्याने सांगतो. गाडी बंद पडली, म्हैस आटली, पोराला ताप आला, की आधी एवढंच विचारा, काय बदललं? कोणी बदललं? एक एक गोष्ट काढून बघा, लावून बघा. त्याला दक्षिणा लागत नाही, मंत्र लागत नाही. सातवीतल्या पोरालाही ते जमतं. आणि एवढं करूनही कारण सापडलं नाही, तर सरळ म्हणा, माहीत नाही. माहीत नाही म्हटल्याने आजवर कोणाचं घर रस्त्यावर आलेलं नाही.

त्या दुपारी गल्लीत आवाज नव्हता. प्रमिलाबाई झोपली होती.

बाई शोधायच्या आधी पाना शोधा.