कान जमा

उमेदवारीच्या अकराव्या वर्षी इमामसाहेब सतारवाल्यांनी आपल्या शागिर्दाचा उजवा कान उतरवला आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. रक्त आलं नाही. कारखान्यात चौघे जण रंधा मारत होते, त्यांचा रंधा थांबला नाही.

शागिर्दाचं नाव दस्तगीर, वय एकतीस. त्याच्यासारखा सतारीचा भोपळा कापणारा साऱ्या मिरजेत नव्हता. दांडी, नक्षी, रोगण, सगळं त्याला येत होतं. येत नव्हती ती फक्त जवारी. तारा ज्या शिंगाच्या घोडीवरून जातात, ती कानशीनं जरा जरा घासायची, मग सूर उघडतो आणि सतार बोलू लागते. ते काम इमामसाहेब पडद्याआड एकटे करत. त्या पडद्याला कान लावून उभा असलेला दस्तगीर त्यांना सापडला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चोरी कानानं केली. कान जमा."

"अकरा वर्षं पाणी भरलं तुमच्या घरी," दस्तगीर म्हणाला. "शिकवायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर भरलं असतंस?"

दस्तगीर तडक जमातीच्या पंचांकडे गेला. पंचांनी कान तबकात मागवला, एकेकानं उचलून उजेडात धरून पाहिला. थोरले पंच म्हणाले, "कान उस्तादाच्या घरात शिकला, तो उस्तादाचा. बाकीचा माणूस मोकळा."

दस्तगीरला हा निवाडा दोनदा ऐकू आला. एकदा डाव्या बाजूनं, एकदा तबकातून.

बाकीच्या माणसानं मग उस्तादांच्या बरोबर समोर, बारा पावलांवर दुकान मांडलं. डाव्या कानाला गल्ली ऐकू यायची, उजव्याला कारखाना. हे इमामसाहेबांच्या ध्यानात यायला दोन दिवस लागले. त्यांनी कानात मेण भरलं, कान भुशाच्या पोत्यात पुरला. तरी घोडीला कानस लागली की समोर दस्तगीर मान ताठ करून बसायचा. एकदा ते कान घरीच ठेवून, सतार घेऊन दोन कोसांवर नदीकाठी जाऊन बसले. पण पंचांनी कान त्यांच्या नावे केला होता; ते जातील तिथलं त्याला ऐकू येणारच. त्यांनी कान परत खिळ्याला अडकवला आणि जवारी काढणं बंद केलं.

चार महिने दोन्ही दुकानांत मुक्या सतारी टांगलेल्या होत्या. गवई यायचे, तार छेडून पाहायचे आणि निघून जायचे. रंधेवाले चौघेही दुसरीकडे गेले. रोज दुपारी जेवण झालं की इमामसाहेब खिळ्यापाशी जाऊन कानाला तोंड लावत आणि दस्तगीरच्या बापापासून सुरुवात करत. दस्तगीर रिकाम्या दुकानात उभा राहून तितक्याच शिव्या परत द्यायचा.

"तुमचं तोंड त्यांच्यासारखं दिसायला लागलंय," त्याची बायको शहाबी म्हणाली. "गाव सोडू. कोल्हापुरात माझा भाऊ आहे."

"म्हणजे त्याला जिंकू देऊ?"

"तो काय जिंकलाय? त्याच्या चुलीला आज धूर नाही."

दस्तगीरला ते ठाऊक होतं. चूल पेटली नाही हे त्याला सकाळीच ऐकू आलं होतं, आणि त्याला बरं वाटलं होतं.

त्या दुपारी शिव्या आल्या नाहीत. उजव्या कानात इमामसाहेबांचा अगदी साधा आवाज आला, "दस्तगीर, कानस घे. बस."

त्यानं समोर पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा होता. पडदा काढून टाकलेला. इमामसाहेब दारातच मांडी घालून बसले होते, मांडीवर सतार. चार महिन्यांत वाळून सांबरशिंगासारखा झालेला कान त्यांनी घोडीच्या जागी बसवला होता आणि त्यावरून तारा ओढल्या होत्या.

"धावा," शहाबी म्हणाली. "हिसकावून घ्या."

दस्तगीरनं आपली सतार खाली काढली आणि समोर तोंड करून बसला.

पहिला हात फिरला. दुखलं नाही. जोर कुठे द्यायचा, कानस कुठे उचलायची, श्वास कधी सोडायचा, सगळं उजव्या बाजूनं स्वच्छ आत आलं. त्यानं तोच हात आपल्या घोडीवर फिरवला. दुसरा फिरला, त्यानंही फिरवला. पांढरी भुकटी इमामसाहेबांच्या गुडघ्यावर पडत होती. ते सतारीकडे पाहतच नव्हते. ते त्याच्याकडे पाहत होते आणि हात जराही घाई करत नव्हता. शहाबी डाव्या बाजूनं काहीतरी ओरडत होती.

कान अर्धा उरला होता. इमामसाहेबांनी तार छेडली, दस्तगीरनं छेडली. दोन्ही सतारी बोलल्या, पण पुरत्या नाहीत.

इमामसाहेबांनी कानस उलटून तिची बारीक बाजू उरलेल्या कानावर टेकवली. दस्तगीरनंही आपल्या घोडीवर टेकवली.