विष्णुक्रांतेची अपुरी लाखोली

माझी उंची जेमतेम वीतभर. वर जाण्याची ओढ देवाने मला दिलीच नाही. दिली ती भूमीला बिलगून चारी दिशांना पसरण्याची. उस्मानपुऱ्यातील एका घराच्या अंगणात, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत जो निळा पट्टा दिसतो, ती मी, विष्णुक्रांता.

कुळाविषयी खोटे बोलणार नाही. माळरानावर मुरमाड जमिनीत आपोआप उगवणारी औषधी विष्णुक्रांता ही माझी दूरची बहीण. माझा वंश समुद्रापलीकडचा. बिडकीनच्या रस्त्यावर कमरोद्दीन यांची रोपवाटिका आहे. त्यांनी चार-चार बोटांचे शेंडे कापून ओल्या वाळूत खोवले, तेव्हा मी जन्माला आले. गिऱ्हाइकाने नाव विचारले की ते म्हणत, "निळी चादर म्हणा की! पसरली की माती दिसत नाय."

माघ महिन्यात आवडाबाई तेथे आल्या. नखाएवढे निळे फूल, मधोमध पांढरा ठिपका. ते पाहून त्यांनी हात जोडले. "अगबाई, ही तर विष्णुक्रांता!" देवाच्या पावलाशी जोडलेले नाव मला असे अनायासे लाभले. नामाने दगड तरतात म्हणे, मी तर रोपटे.

त्यांनी साठ रोपे घेतली. कमरोद्दीन यांनी निघताना बजावले, "मावशी, ऊन भरपूर द्या, पाणी बेतानं. लाड केले की ही बिघडती."

साठ रोपांमागे एक नवस होता. आवडाबाईंचे यजमान काकासाहेब हे भजनी मंडळाचा पुढचा आवाज. आदल्या दिवाळीत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. 'हं' आणि 'ना' एवढेच उरले. त्यांच्या मुखी पुन्हा शब्द यावा, म्हणून चातुर्मासात विष्णूला एक लाख निळी फुले वाहण्याचा, म्हणजे लाखोलीचा, संकल्प आवडाबाईंनी केला होता.

आषाढी एकादशीपर्यंत मी अंगणभर झाले. माझे फूल सकाळच्या उन्हाबरोबर उमलते आणि दुपारी मिटते. ते दुसऱ्यांदा उमलत नाही. म्हणून सकाळी आठ वाजता आवडाबाई आणि त्यांची सून श्रेया परड्या घेऊन बसत. पहिल्याच दिवशी श्रेयाने घाईत दोन कळ्या खुडल्या.

"कळी नाही घ्यायची गं," आवडाबाई म्हणाल्या. "फूल देवाचं, कळी झाडाची. हे तुझ्या सासऱ्यांनी मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकवलं होतं. आणि तेही सगळ्यांसमोर!"

व्हरांड्यातल्या खुर्चीतून काकासाहेब गालात हसले. त्यांच्यापुढे दोन वाट्या असत. शंभर फुले झाली की त्यांनी दुबळ्या उजव्या हाताने एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या प्रेरणाने ही युक्ती सांगितली होती. हजार चिंचोके सरले की लाखोली पुरी.

माणसाच्या भक्तीत मला एक गोष्ट दिसली. ती जितकी निस्सीम असते, तितकी आंधळीही होऊ शकते. देवाला रोज पंचामृताने स्नान घालत. दूध, दही, मध मिसळलेले ते पाणी पायदळी जाऊ नये, म्हणून आवडाबाई ते माझ्या मुळाशी ओतीत. श्रावणात अभिषेक वाढले, पाऊसही वाढला. मी प्रसाद म्हणून पीत राहिले आणि आतून कुजू लागले.

गणपती बसले, तेव्हा मी मधोमध काळी पडले होते. अठ्ठावन्न हजार फुले वाहून झाली होती. आवडाबाईंचा निरोप मिळताच कमरोद्दीन आले. उकिडवे बसून त्यांनी चिमूटभर माती नाकाशी नेली.

"मावशी, इतकं पाणी कोन घालतंय हिला?"

"पाणी नाही हो, तीर्थ आहे ते."

"तीर्थात दही बी हाय."

"चाचा, तुम्हीच समजावा," श्रेया दारातून म्हणाली. "मी बोलले की नास्तिक ठरते. मुंग्या इथून निघून माझ्या साखरेच्या डब्यात मुक्कामाला आल्यात."

कमरोद्दीन हसले नाहीत. "माझी अम्मी बी असंच करायची. घरात कुनी बिमार पडलं की बशीवर कुराणातली आयत लिहून, ती धुऊन पानी पाजायचे. उरलेलं पायाखाली नको म्हनून गुलाबाला घालायची. गुलाब गेला. मग अब्बा म्हनले, लिंबाला घाल, त्याला लई झेपतं. तुमच्या दारात हाय की लिंब."

आवडाबाईंनी फाटकाजवळच्या कडुनिंबाकडे पाहिले आणि मान खाली घातली. "आता हिचं काय?"

"बुडात चार बोटं ठेवून सगळी कापावी लागंल. नाय कापली तर पंधरा दिवसांत जाईल."

"आणि फुलं?"

"महिनाभर नाय."

महिनाभर फुले नाहीत, म्हणजे कार्तिकीपर्यंत लाख होणे कठीण. तोडत राहावे तर मी मरणार. कापावे तर नवस अडणार. आवडाबाईंनी व्हरांड्याकडे पाहिले. "अहो, कापू का?"

काकासाहेबांनी माझ्या काळ्या पडलेल्या मध्याकडे पाहिले. मग म्हणाले, "हं."

आवडाबाईंनी मला हळदकुंकू वाहिले, क्षमा मागितली. तोवर कमरोद्दीन कात्री मिटून उभे होते. मग त्यांनी मला कापले. दुखले का, असे कोणी विचारील. ज्याने वाढवले त्याच्याच हाती कात्री होती, एवढेच सांगते.

कोजागिरीच्या आधीच मी पुन्हा फुलले, पहिल्याहून दाट. तीर्थ आता लिंबाला जात होते. अडतीस हजार फुले आणखी झाली. कार्तिकी एकादशीला तीन दिवस उरले, आणि वाटीत चाळीस चिंचोके.

थंडी पडू लागली होती; आता दिवसाला हजारच्या वर फुले मी देऊ शकत नव्हते. हिशेब आवडाबाईंना कळत होता. दशमीच्या सकाळी वाटीत एकवीस चिंचोके होते. उमललेली फुले तोडून संपली, तरी त्या उठल्या नाहीत. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि उद्याच्या कळ्या खुडायला सुरुवात केली.  श्रेयाने पाहिले आणि आपल्या परडीतली फुले मोजत राहिली. 

"क... कळ्या..."

आवडाबाईंचा हात थांबला.

काकासाहेब खुर्चीच्या दांड्याला धरून पुढे झुकले होते. चेहरा लाल, कपाळावर शीर. "कळ्या... नको!"

आवडाबाई गर्रकन वळल्या. ओच्यातल्या कळ्या माझ्यावर सांडल्या. "काय म्हणालात? अहो, पुन्हा म्हणा."

"कळ्या. नको." या वेळी त्यात चक्क राग होता.

डोळ्यांना पदर लावून आवडाबाई हसत होत्या की रडत होत्या, ते मला उमगले नाही. श्रेया म्हणाली, "आई, बघा. पुन्हा सगळ्यांसमोर ऐकवलं."

हे माझ्यामुळे झाले, असे मी म्हणणार नाही. प्रेरणा वर्षभर त्यांच्याकडून अक्षरे घोटून घेत होती. श्रेय कोणाचे, हे ज्याचे त्याला ठाऊक. मी केवळ जे पाहिले ते सांगितले.

एकादशीला, आदल्या दिवशी खुडलेल्या कळ्या वजा जाता, उमलली तेवढीच फुले वाहिली गेली. लाखोली अपुरी राहिली. वाटीत एक चिंचोका उरला आहे, असे नव्हे. चांगले नऊ उरले आहेत. ती वाटी देव्हाऱ्यात ठेवली आहे आणि काकासाहेब तिला हात लावू देत नाहीत. कोणी उचलायला गेले की ते म्हणतात, "नको." हा शब्द त्यांना आता पक्का येतो.

सध्या मार्गशीर्ष चालू आहे. माझी फुले कोणी मोजत नाही. ती सकाळी उमलतात, दुपारी मिटतात. या वाटेने आलात तर सकाळी या. पाणी घालायची घाई करू नका. आणि हात पुढे केलाच, तर व्हरांड्यातून आवाज येईल, एवढे लक्षात ठेवा.