पूर्वेला अडकलेली चोच

मी एक जुना तांब्याचा कोंबडा आहे. व्हेरसाक गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावर बसून वाऱ्याची दिशा दाखवणं, एवढंच माझं काम. मित्रांनो, तेवढंसं कामही माझ्या हातून नीट झालं नाही. त्याची मला फार शरम वाटते.

गावच्या तांबटाने मला एका फुटक्या कढईतून घडवलं. वर चढवण्याआधी लाल फिती बांधून, टोपलीत बसवून मला घरोघरी मिरवलं. तेव्हा मी फुशारून गेलो होतो, हे कबूल करतो.

आमचं गाव खोलगट दरीत आहे. पश्चिमेचा डोंगर इतका अंगावर आलेला, की ढग दिसतात तेव्हा ते डोक्यावर पोचलेले असतात. खाली वारा नुसता गरगरतो. खरा वारा लागतो तो वर, मला. वारा येतो तिकडे माझी चोच वळते; ती पूर्वेला असली की कोरडी हवा, पश्चिमेला वळली की पाऊस. म्हणून जूनमध्ये, हिवाळ्यासाठी गवत कापून उन्हात वाळवायच्या दिवसांत, माझ्याकडे पाहिल्याशिवाय कुणी गवत कापत नसे.

छपरं दुरुस्त करणारा ऑक्ताव्ह दर दोन वर्षांनी येऊन माझ्या लोखंडी दांड्याला चरबी लावायचा. तो वारला. मग पाद्रीबाबा म्हणाले, "मनोरा गावाचा, गावाने बघावं." मेयर म्हणाले, "कोंबडा देवाचा, देवाच्या माणसाने बघावं." वर कुणीच आलं नाही. दांडा गंजला आणि मी पूर्वेकडे तोंड करून अडकलो.

गेल्या जूनमध्ये एका सकाळी विधवा लेओंतीन माझ्याकडे बघत उभी राहिली. तिच्या दोन गायींचा हिवाळ्याचा चारा एकाच कुरणात उभा होता. तिचा दीर फिर्मँ कुंपणापलीकडून ओरडला, "वहिनी, आज नको हं! माझा गुडघा ठणकतोय."

"भावजी, काम निघालं की तुमचा गुडघा ठणकतोच! कोंबडा बघा की, पूर्वेला आहे."

पश्चिमेचा वारा माझ्या शेपटीला धक्के देत होता. मी जिवाच्या आकांताने वळू पाहिलं. तसूभरही हललो नाही.

तिने सगळं कुरण कापलं. दुपारी लागलेला पाऊस चार दिवस थांबला नाही. कुजून जाईल म्हणून तिने ओलसर गवतच गोठ्यावरच्या माळ्यात भरलं. ओलं गवत आतून तापतं. दोन आठवड्यांनी भरदुपारी माळ्यातून धूर निघाला आणि गोठा जळून गेला. गायी बाहेर चरत होत्या म्हणून वाचल्या. पण हिवाळ्याचा चारा जळाला, म्हणून थोरली गाय तिला विकावी लागली.

"तो मेला कोंबडाच अडकलाय, वहिनी!" फिर्मँ चिडून म्हणाला.

"त्याला कशाला बोल लावता? तो कधी चुकला नाही. माझेच डोळे अधू झालेत."

तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता गाव गवत कापण्याआधी हसत हसत फिर्मँच्या गुडघ्याची चौकशी करतं. लेओंतीन मात्र अजून माझ्याकडेच बघते. आज पुन्हा ती कुरणाच्या कडेला विळ्याला धार लावते आहे. एकच गाय उरली आहे. माझी चोच पूर्वेला आहे आणि शेपटीवर पश्चिमेचा वारा.

मित्रांनो, ज्याच्यावर विसंबता त्याच्याकडे नुसतं खालून बघू नका. कधीतरी वर चढून त्याची विचारपूस करा. आणि आज, तिने पहिली पेंढी कापायच्या आत, कुणीतरी वर या हो!