भाजलेली पानं

गेल्या चुसोकला, म्हणजे आमच्या कोरियातल्या पितरांच्या सणाला, उकळतं तेल माझ्या उजव्या मनगटावर उडालं. पितरांचं ताट मात्र वेळेवर मांडलं गेलं. पुरुषांनी वाकून नमस्कार केले, पोटभर खाल्लं, आणि मी नळाखाली हात धरून उभी होते. त्याच दिवशी ठरवलं, या घरात मी पुन्हा पानं तळणार नाही.

म्हणून यंदा उन्हाळाभर ओव्हनशी झटापट केली. क्केन्निप या सुवासिक पालेभाजीची पानं पुसायची, चिकट तांदळाची खळ लावायची, उन्हात खडखडीत वाळवायची, इथपर्यंत सासूबाईंचीच रीत. तळण्याऐवजी भाजायचं, एवढाच माझा आगाऊपणा. पहिली खेप करपली. दुसरी वातड झाली, कारण दमट हवेत खळ नीट वाळलीच नव्हती. दोन्ही खेपा शिव्या घालत केरात टाकल्या. नवरा, तेग्यू, दारातून म्हणाला, "वर्षातून एक दिवस तळलंस तर काय बिघडतं?" मी त्याच्यासमोर मनगट धरलं. तो टीव्हीकडे वळला. सहाव्या खेपेला आच मंद ठेवली, तिळाच्या तेलाचा नुसता हात फिरवला, आणि पान दाताखाली कुर्रकन मोडलं.

चुसोकच्या सकाळी पानं पितरांसाठी ताटलीत रचून ठेवली. धाकटे काका, म्हणजे सासऱ्यांचे भाऊ, आले ते थेट ताटलीपाशीच.

"हे काय? तळलेली कुठायत?"

"यंदा भाजलीत, काका."

"दादांना तळलेलीच लागायची. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन, म्हणून आता वाट्टेल ते वाढायचं? कढई ठेव. अजून वेळ आहे."

तेग्यू जमिनीकडे बघत म्हणाला, "थोडी तळून टाक ना. सणाच्या दिवशी वाद नको."

वाद नको म्हणे. कातडी माझी जाणार, याचं काय जात होतं? माझं डोकंच फिरलं. "ज्याला हवीत त्यानं कढईपाशी उभं राहावं," मी म्हटलं.

"भाजलेलं काय लायकीचं असतं ते दाखवतो," म्हणत काकांनी एक पान उचललं आणि तोंडात टाकलं.

आमच्याकडे पितरांना दाखवल्याशिवाय ताटातलं कोणी चाखत नाही. मीठ बरोबर पडलंय का, हेसुद्धा आम्ही बायका वासावरून ठरवतो. काकांचं चावणं मध्येच थांबलं.

"उष्टं केलंत, भावोजी," सासूबाई म्हणाल्या. त्या कोपऱ्यात बसून फळं पुसत होत्या. "आणि ह्यांना तळलेलं कधी आवडायचंच नाही. पानं वाफवून खायचे ते. तळलेली आवडतात तुम्हाला. चाळीस वर्षं ह्या घरात तुमच्यासाठी तळतोय आम्ही."

काका तोंडातलं कसंबसं गिळून बाहेर गेले. तेग्यू त्यांच्या मागोमाग. सासूबाईंनी दुसरी, रिकामी ताटली माझ्यापुढे सरकवली. "ह्यात नवी रच."

मला आनंद व्हायला हवा होता. उलट संताप आला.

"गेल्या वर्षी माझा हात भाजला, तेव्हाही हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी हातातली नाशपती खाली ठेवली. "तू येईपर्यंत त्या कढईपाशी मी असायचे. तू आलीस, तशी मी सुटले. सुटल्यावर कोण बोलतं, सूनबाई?"

मी नवी पानं रचली. त्या दिवशी त्यांच्याशी पुन्हा एक शब्द बोलले नाही.