तीन तारा, दोन बोटं

कडबा कापायच्या कुट्टी मशीननं आमच्या म्हेंदरच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. म्हेंदर माझा धाकटा भाऊ. शेवगावच्या गायन पार्टीत मी गाते, तो गिटार वाजवायचा. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलं असंल त्यानं? "ताई, कॉर्ड कसा धरू आता?" म्हणलं, "मेल्या, आधी पाणी पी." अन् बाहेर जाऊन रडले.

मग मोबाईलवर त्यानं कुठूनसं शोधलं, सहा तारा दाबायची गरजच न्हाई. कॉर्ड म्हंजे तीन सूर एकदम, तीन तारा, बास. सा-ग-प. गिटारच्या दांडीवर वर सरकलं की तेच ग-प-सा, आणखी वर प-सा-ग. सूर तेच, खाली बसणारा तेवढा बदलतो. वरच्या दोन जागा त्याच्या उरलेल्या दोन बोटांत बसल्या. घोडं अडलं सा-ग-पवर. तिथं मधलं बोट दोन तारांवर आडवं दाबायचं अन् अंगठ्याशेजारचं दोन पट्ट्या मागं ताणायचं. बोटाची साल निघायची. हिवाळाभर शेळ्यांपाशी बसून तेवढंच. तार नुसती फडफडायची. मी भाकरी थापता थापता ओरडायचे, "बंद कर रे, शेळ्यांचं दूध आटंल!" खोटं कशाला बोलू, मलाच ते ऐकवत नव्हतं.

एक दिवस आवाज स्वच्छ आला. मी पिठाच्या हातानं धावले. म्हेंदर हसत हुता. "जयंतीच्या कार्यक्रमाला स्टेजवर बसणार मी," म्हणाला. "लोकांनी हाताकडं बघाया नको, ऐकाया पायजे."

पार्टीचे मालक कल्याणभाऊ हो-न्हाई करत तयार झाले. जयंतीच्या संध्याकाळी शेवटच्या कडव्याला म्हेंदर खालून वर तिन्ही जागा घेत गेला, एक तार चुकली न्हाई. ऐका रे, ऐका, असं मला ओरडावंसं वाटलं.

गाणं संपताच कल्याणभाऊंनी माईक घेतला. आमच्याकडं सत्काराशिवाय पान हलतंय का! शाल, नारळ, पुढारी, सगळं तयारच. कल्याणभाऊंनी म्हेंदरचा डावा हात धरून वर उचलला. "बघा मंडळी, दोन बोटं न्हाईत, तरी वाजवतो!" टाळ्यांचा कडकडाट. मोबाईल निघाले. बायांनी डोळ्याला पदर लावला. म्हेंदर हात ओढत हुता, ते सोडीनात. "हसा की जरा," फोटोवाला म्हणाला.

घरी येऊन त्यानं गिटार पिशवीत घातली.

"लई चांगलं वाजवलंस रे," मी म्हणलं.

"ऐकलं कुणी?"

"मी ऐकलं की." त्यानं पिशवीची चेन लावली.

परवा जेवायच्या वेळी कल्याणभाऊंचा फोन आला. मिरजगावला कार्यक्रम हाय म्हणाले. माझे हात खरकटे, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला. सांगितलं, म्हेंदर गिटारीला हात लावत न्हाई आता.

"न लावू दे," ते म्हणाले. "वाजवायला कीबोर्डवाला केलाय मी. म्हेंदरला नुसतं घेऊन ये, सत्कारापुरता."

म्हेंदर समोरच जेवत हुता. डावा हात त्यानं मांडीखाली सारला.